तो गप्प होता तेव्हा तुम्ही काय केलंत?

एप्रिल २००० मध्ये मी शाळेत होतो. कपाटाच्या दाराला आतल्या बाजूने दक्षिण आफ्रिकेचा क्रिकेट कर्णधार हॅन्सी क्रोनिए याचा फोटो लावलेला होता, वर्तमानपत्रातून कापलेला, चारही कोपऱ्यांना चिकटपट्टी. ७ एप्रिलला दिल्ली पोलिसांनी त्याच्यावर मॅच फिक्सिंगचा आरोप जाहीर केला. त्याने साफ नकार दिला, त्याचं मंडळही पाठीशी उभं राहिलं. चार दिवस मी वर्गात ज्याच्या-त्याच्याशी भांडलो. माझा मुद्दा एकच होता: तो समोर येऊन बोलतोय ना? कर नाही त्याला डर कशाला? ११ तारखेच्या पहाटे त्याने मंडळाचे प्रमुख अली बाकर यांना फोन केला आणि आपण पूर्ण खरं बोललो नव्हतो असं सांगितलं. शाळेतून आल्यावर मी फोटो ओढून काढला. चिकटपट्टीबरोबर रंगाचे पोपडे निघाले. ते कपाट अजून घरात आहे.

पुढे मी नेमकी उलटी चूक केली. इतर काही खेळाडूंवर चौकशा लागल्या, ते गप्प राहिले आणि मी त्यांना मनातल्या मनात दोषी धरून मोकळा झालो. त्यातले दोघं पुढे सुटले. म्हणजे बोलला तो खोटा निघाला, गप्प बसले ते सुटले, आणि दोन्ही वेळा मी खात्रीने चुकीचं बोलत होतो.

आज माझ्या अत्यंत आवडत्या खेळाडूवर चौकशी चालू आहे. पाच महिने झाले, त्याने एक शब्द काढलेला नाही. त्याचं नाव मुद्दाम लिहीत नाही, कारण नाव आलं की अनुभव बाजूला राहतो आणि बाजू मांडणं सुरू होतं. आम्हा मित्रांत यावरून रोज वाद होतात. काल एकाने मला "आंधळा भक्त" म्हटलं, मी त्याला काय म्हटलं ते इथे लिहिण्यासारखं नाही. म्हणून हा धागा.

तुमचा खेळाडू गप्प होता तेव्हा तुम्ही काय मानलंत, कुणाशी भांडलात, पुढे काय निघालं, ते लिहा. खेळाडूंच्या घरचे, संघातले, वकील, पत्रकार कुणी असाल तर जरूर लिहा. चालू प्रकरणातलं नाव नको. तक्रार करणाऱ्याचं तर कधीच नको.


फौजदारी वकील

एकोणीस वर्षं हीच कामं करते, म्हणून थोडं सविस्तर लिहिते.

माझ्याकडे एक खेळाडू आला होता. गुन्हा दाखल होऊन दोन दिवस झाले होते. बसायच्या आधीच त्याने फोन पुढे केला. चाहत्यांसाठी खुलासा लिहून तयार होता, चांगला दोन परिच्छेदांचा, मनापासून लिहिलेला. "मॅडम, टाकू का एवढंच सांगा." त्यात एक वाक्य होतं: मी रात्री दहाला तिथून निघालो. मी विचारलं, दहा कशावरून? म्हणाला, अंदाजे. पुढे दोषारोपपत्राबरोबर सीसीटीव्हीचं फुटेज आलं. त्यात तो दहा चाळीसला बाहेर पडताना दिसत होता. मूळ आरोपाशी त्या चाळीस मिनिटांचा काडीचाही संबंध नव्हता. पण तो खुलासा बाहेर गेला असता, तर सरकार पक्षाने पहिल्याच दिवशी तो न्यायालयापुढे ठेवला असता, आरोपी सुरुवातीपासून खोटं बोलतोय म्हणून.

लोकांना एक गोष्ट सांगितली की नवल वाटतं. आपल्याकडे पोलिसांपुढे दिलेला कबुलीजबाब आरोपीविरुद्ध पुरावा म्हणून चालत नाही. पण स्वतःच्या खात्यावर स्वतःच्या हाताने लिहिलेलं चालतं. म्हणजे पोलीस ठाण्यापेक्षा चाहत्यांसमोर बोलणं जास्त धोक्याचं.

राज्यघटनेच्या अनुच्छेद २०(३) प्रमाणे आरोपीला स्वतःविरुद्ध साक्ष द्यायला भाग पाडता येत नाही. १९७८ च्या नंदिनी सत्पथी खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने हे संरक्षण पोलिसांच्या चौकशीलाही लागू आहे असं सांगितलं, आणि २०१० च्या सेल्वी निकालाने संमतीवाचून नार्को चाचणी बंद केली. अमेरिकेत १९६६ च्या मिरांडा निकालापासून अटकेतल्या माणसाची चौकशी करण्याआधी त्याला गप्प राहण्याचा हक्क सांगावाच लागतो. इंग्लंड-वेल्समध्ये १९९४ च्या कायद्याने थोडा फरक केला: चौकशीत लपवलेली गोष्ट पुढे बचावात आणली, तर न्यायालय त्यावरून निष्कर्ष काढू शकतं. तरी तिथलाही कोणता वकील अशिलाला जाहीर खुलासा लिहायला सांगणार नाही.

त्या मुलाने माझ्यासमोर तो खुलासा पुसला. पुसण्याआधी त्याचा अंगठा बराच वेळ स्क्रीनवर तसाच टेकलेला होता. पुढची दीड वर्षं त्याचे चाहते म्हणत राहिले, निर्दोष असता तर बोलला असता. ते मौन माझं होतं. मी सांगितलेलं आणि रोज फोन करून त्याच्याकडून पाळून घेतलेलं.


चाहता, वय ३१

वकीलताई, हे सगळं पटलं. पण माझा राग वेगळ्या गोष्टीवर आहे.

माझा खेळाडू चौकशीबद्दल गप्प होता, ठीक. नवव्या दिवशी त्याच खात्यावर बुटांची जाहिरात आली. हसरा फोटो, खाली सवलतीचा कोड. खाली हजारो लोक त्याला कळवळून विचारत होते, बाबा रे, एवढं तरी सांग की तू ठीक आहेस. त्यांना उत्तर नाही, बुटांना मात्र वेळ आहे. त्या क्षणी मी त्याला फॉलो करणं बंद केलं. तो दोषी आहे असं मला तेव्हाही वाटलं नव्हतं. गप्प राहायचं तर सगळ्याच बाबतीत गप्प राहा, एवढंच माझं म्हणणं आहे.


फौजदारी वकील

करारात तारखा ठरलेल्या असतात, आणि खातं बहुतेक वेळा एजन्सी चालवते. पण तुमचा राग रास्त आहे. मी आता अशिलांना पहिल्याच बैठकीत विचारते, खात्याचा पासवर्ड कुणाकडे आहे, आणि ठरलेल्या पोस्ट थांबवायला लावते.


निवृत्त उपसंपादक, क्रीडा पान

आमच्या धंद्यातलं पाप कुणीतरी सांगायला हवं, म्हणून मी सांगतो.

२०१३ च्या मे महिन्यात मी एका दैनिकाच्या क्रीडा डेस्कवर रात्रपाळीला होतो. १६ मेला दिल्ली पोलिसांनी क्रिकेटपटू श्रीशांतला स्पॉट फिक्सिंगच्या आरोपावरून अटक केल्याची बातमी आली. आमच्याकडे ती पहिल्या पानावर आठ कॉलमी लागली. जुलै २०१५ मध्ये दिल्लीच्या न्यायालयाने त्याला दोषमुक्त केलं. ती बातमी आम्ही आत, क्रीडा पानावर, तीन कॉलमांत लावली. पान मीच लावलं होतं. मंडळाची आजीवन बंदी मात्र तशीच राहिली. मार्च २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती रद्द करून शिक्षेचा फेरविचार करायला सांगितलं, मग ती सात वर्षांवर आली आणि सप्टेंबर २०२० मध्ये संपली. तेव्हा तो ३७ वर्षांचा होता. मॅच फिक्सिंगच्या आरोपातल्या माजी कर्णधार अझरुद्दीनचं तर त्याहून लांबलं. २००० च्या डिसेंबरात आजीवन बंदी, आणि ती बेकायदा होती असं आंध्र प्रदेश उच्च न्यायालयाने सांगितलं २०१२ च्या नोव्हेंबरात. कसोटी सामने ९९ वर थांबले ते थांबलेच. तो निकाल आला त्या रात्री डेस्कवरच्या तरुण मुलांना मुळात बंदी कशावरून होती हेच मला समजावून सांगावं लागलं.

पण मला सांगायचं आहे ते "मौन" या शब्दाबद्दल. "अमुकचं मौन कायम", "मौन सोडेना" असे मथळे मी शेकड्यांनी दिले असतील. वाचणाऱ्याला वाटतं, आत काहीतरी दडवून कुणी दार लावून घेतलंय. प्रत्यक्षात काय असायचं? आमचा वार्ताहर रात्री साडेनऊला एकदा फोन लावायचा. पलीकडून उचलला जायचा नाही. पावणेदहाला कॉपी यायची, साडेदहाला पान सोडायचं. त्या न उचललेल्या एका फोनचं आम्ही मौन करायचो, आणि सकाळी त्यावर घराघरात चर्चा व्हायची. फोन दहा वाजता दुसऱ्यांदा लावून पाहावा, वकिलाला विचारावं, हे माझ्या हातात होतं. मी ते फार थोड्या वेळा केलं.


सायकलपटू, हौशी

माझा अनुभव अगदी उलटा आहे. माझा हिरो कधी गप्प बसलाच नाही.

लान्स आर्मस्ट्राँग. कर्करोगातून उठून १९९९ ते २००५ अशा सलग सात टूर द फ्रान्स. तो उत्तेजक द्रव्यं घेतो अशी शंका घेणाऱ्या प्रत्येकाला तो उत्तर द्यायचा, नुसतं उत्तर नाही, कोर्टात खेचायचा. एका ब्रिटिश वृत्तपत्रावर त्याने दावा लावला आणि २००६ मध्ये त्या वृत्तपत्राला पैसे देऊन तडजोड करावी लागली. मी ती बातमी छापून घेऊन मित्रांना दाखवली होती. बघा, खरा माणूस असा लढतो.

त्याच्या संघात खेळाडूंना मालिश करणारी एक बाई होती. तिने जे पाहिलं ते सांगितलं. तिच्याबद्दल तो जे बोलला ते मी तेव्हा वाचलं, आणि मला ते पटलं. मीही तेच शब्द पुढे चार ठिकाणी वापरले. ऑक्टोबर २०१२ मध्ये सातही किताब काढून घेतले गेले, जानेवारी २०१३ मध्ये ओप्रा विन्फ्रेंच्या समोर बसून तो एकामागून एक "हो" म्हणत गेला. किताब गेले त्याचं मला फारसं वाईट वाटलं नाही. त्या बाईसाठी वापरलेले शब्द मात्र माझे होते. त्याने माझ्याकडून ते वदवून घेतले नव्हते, मी आपणहून दिले होते.

त्यामुळे कुणी फार ठासून बोलायला लागला की मला आता धीर येत नाही, पोटात गोळा येतो.


माजी खेळाडू, राज्य संघ

इथे दोन मौनांची गल्लत होतेय, म्हणून लिहितो.

पोलीस आणि न्यायालयापुढे गप्प राहणं हा हक्क आहे. वकीलताईंनी ते सांगितलंच. पण खेळाच्या स्वतःच्या यंत्रणेपुढे गप्प राहणं हा कित्येकदा गुन्हा असतो. आयसीसीच्या भ्रष्टाचारविरोधी संहितेत चौकशीला सहकार्य न करणं हे वेगळं कलम आहे. त्याहून पुढचं म्हणजे, तुम्हाला कुणी विचारलं, तुम्ही नाही म्हणालात, पण कळवलं नाही, तरी तुम्ही सापडलात. बांगलादेशच्या शाकिब अल हसनचं आठवा. ऑक्टोबर २०१९ मध्ये त्याच्यावर दोन वर्षांची बंदी आली, त्यातलं एक वर्ष निलंबित. आरोप एवढाच की सट्टेबाजाने केलेली विचारणा त्याने कळवली नाही. त्याने ते मान्य केलं.

हंगामाच्या सुरुवातीला आम्हाला हे सगळं शिकवलं जायचं. सामन्याच्या दिवशी सकाळी फोन जमा करायचे, प्रत्येकाच्या पिशवीला नंबर. मला वाटायचं, आपल्याला कोण विचारतंय. एका संध्याकाळी हॉटेलच्या लॉबीत ओळखीतला एक जण भेटला. इकडचं तिकडचं बोलून म्हणाला, उद्या विकेट कशी आहे, डावखुरा फिरकीवाला खेळतोय का? बस, एवढंच. मी हसून टाळलं आणि खोलीवर गेलो. झोप लागेना. तो माणूस माझ्याच संघातल्या एकाचा मित्र होता. मी कळवलं असतं तर मित्राचं नाव निघणार, नाही कळवलं तर माझं. रात्री एक वाजता मी अधिकाऱ्यांना फोन केला, सकाळी सगळं लिहून दिलं. त्यातून पुढे काही निघालं नाही. विचारणा कदाचित निव्वळ कुतूहलाचीही असेल. पण तो सहकारी उरलेला हंगाम माझ्याशी बोलला नाही. स्लिपमध्ये आम्ही शेजारी उभे राहायचो.

म्हणून कुणी गप्प आहे म्हटलं की मी आधी विचारतो, कुणापुढे? पोलिसांपुढे, मंडळापुढे की आपल्यापुढे? आपल्यापुढे गप्प असलेला माणूस कदाचित तपास अधिकाऱ्यासमोर सहा-सहा तास बोलत असेल. ते आपल्याला दिसत नाही.


चाहती

बोलून तरी सुटका होते का? पाकिस्तानचा गोलंदाज मोहम्मद आमिर २०१० च्या लॉर्ड्स कसोटीत स्पॉट फिक्सिंगमध्ये अडकला तेव्हा १८ वर्षांचा होता. न्यायालयात त्याने गुन्हा कबूल केला. २०११ मध्ये सहा महिन्यांची शिक्षा झाली, पाच वर्षांची बंदी भोगून परत आला. १८ जून २०१७ ला ओव्हलवर चॅम्पियन्स ट्रॉफीच्या अंतिम सामन्यात त्याने रोहित, कोहली आणि धवन यांना बाद केलं. मी भारताची चाहती, सामना बघून रडले. पण माझ्या आजूबाजूचे सगळे "फिक्सर, फिक्सर" ओरडत होते ते मला सहन झालं नाही. कबूल करून शिक्षा भोगलेल्या माणसाला आपण आणखी काय मागतो?


एक जुनी खेळाडू

मी इथे लिहू की नको, दोन दिवस ठरत नव्हतं.

तुम्ही सगळे त्याच्या मौनाबद्दल लिहिताय. मी तक्रार करणारी होते. खेळ, वर्ष, ठिकाण काही सांगणार नाही. तक्रार प्रशिक्षकाविरुद्ध होती आणि अंतर्गत समितीपुढे गेली. तो गप्प राहिला. त्याच्या गप्प राहण्याचं केवढं कौतुक झालं. सर किती संयमी, एवढं होऊनही कुणाबद्दल वाईट शब्द नाही. गप्प मीही होते. कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्धच्या २०१३ च्या कायद्याप्रमाणे तक्रारीतला मजकूर, नावं, चौकशीचं कामकाज, काहीच बाहेर सांगता येत नाही. तो नियम माझ्या भल्यासाठी आहे हे मला कळत होतं. पण त्याचं मौन म्हणजे संयम आणि माझं मौन म्हणजे काहीतरी काळंबेरं, हे कसं ठरलं ते मला आजवर कळलेलं नाही. खरं असेल तर बोलत का नाही, हा प्रश्न त्याला एकदाही कुणी विचारला नाही. मला रोज विचारला, तोंडावर नाही, पण माझ्या कानावर पडेल असा.

सरावाला गेले की मी नेहमीच्या जागी, झाडाखाली बूट घालायला बसायचे. बाकीच्या मुली मैदानाच्या दुसऱ्या टोकाला वॉर्म-अप करायला लागल्या. कुणी मला वाईट बोललं नाही. फक्त त्या टोकाला जायच्या. मी एकटी फेऱ्या मारत त्यांच्या जवळून गेले की आवाज बंद व्हायचे, पुढे गेले की परत सुरू. चार महिने असं चाललं.

समितीने तक्रार ग्राह्य धरली, त्याला काढलं. त्यानंतरही मी फार दिवस खेळले नाही.

तीन वर्षांनी एका मुलीचा फोन आला, तेव्हाच्या संघातल्या. बराच वेळ नुसता श्वास ऐकू येत होता. मग म्हणाली, "ताई, मी त्या टोकाला वॉर्म-अप करायचे." एवढंच बोलली. मला काही उत्तर सुचलं नाही. आम्ही दोघी तशाच फोन धरून होतो.

तुमचा आवडता खेळाडू गप्प असेल तर त्याच्यासाठी कायदा समजून घेताय, चांगलं आहे. तेवढीच समज समोरच्या व्यक्तीसाठीही ठेवा. ती कुठे राहते, आधी काय लिहायची, कुणाबरोबर दिसली होती, हे शोधू नका.


धागाकर्ता

ताई, तुम्ही लिहिलंत त्याबद्दल मनापासून आभार. गेल्या पाच महिन्यांत मी मित्रांशी बोलताना "त्या बाईने पुढे यावं ना" हे वाक्य निदान दहादा म्हटलंय. आता म्हणणार नाही.


मँचेस्टर सिटीचा चाहता

वरचं वाचून माझं लिहिणं अवघड झालंय, पण हेही घडलेलं आहे.

ऑगस्ट २०२१ मध्ये आमच्या क्लबचा फुटबॉलपटू बेंजामिन मेंडी याच्यावर बलात्काराचे आरोप दाखल झाले. क्लबने त्याला निलंबित केलं, पुढे पगारही थांबवला. आमच्या गटाचं चित्र म्हणून विजेतेपदाच्या मिरवणुकीचा फोटो होता, त्यात तो कडेला होता. एकाने फोटो कापून पुन्हा लावला. कुणी काही बोललं नाही. जानेवारी २०२३ मध्ये ज्युरीने बहुतेक आरोपांतून आणि जुलै २०२३ मध्ये फेरसुनावणीत उरलेल्या दोन आरोपांतून त्याला निर्दोष ठरवलं. नोव्हेंबर २०२४ मध्ये रोजगार न्यायाधिकरणाने अडवलेल्या पगारातला बराचसा भाग क्लबने द्यावा असा निकाल दिला. मागणी १ कोटी १० लाख पौंडांच्या घरात होती.

निर्दोष सुटला म्हणजे तक्रार करणाऱ्या सगळ्या खोट्या, असा अर्थ होत नाही हे मला ठाऊक आहे. फौजदारी खटल्यात वाजवी शंकेपलीकडे सिद्ध व्हावं लागतं. पण निकालाच्या दिवशी मी गटात लिहिलं, फोटो पूर्ण लावूया का? चोवीस जणांनी वाचलं. एकानेही उत्तर दिलं नाही. फोटो अजून कापलेलाच आहे.


एका खेळाडूची बहीण

माझा भाऊ व्यावसायिक खेळाडू होता. फार मोठा नाही, पण नाव घेतलं तर खेळ बघणाऱ्यांना आठवेल. त्याच्यावर गुन्हा दाखल झाला, अडीच वर्षं तपास चालला आणि शेवटी पुरावा नाही म्हणून प्रकरण बंद झालं.

बाहेरच्यांना वाटतं, तो जगापुढे गप्प असला तरी घरी तर बोलत असेल. तो घरीही गप्प होता. वकिलांनी त्याला पहिल्याच दिवशी सांगितलं होतं की नवरा-बायकोतलं बोलणं कायद्याने सुरक्षित असतं, भाऊ-बहिणीतलं, आई-मुलातलं नसतं. उद्या आम्हाला साक्षीला बोलावलं तर आम्हाला माहीत आहे ते सांगावं लागेल. त्याचं लग्न झालेलं नव्हतं. म्हणजे या जगात वकील सोडून त्याला बोलायला एकही माणूस नव्हता. आई एकदा जेवताना म्हणाली, "मला तरी सांग रे, काय झालं होतं." तो ताटावरून उठला. आईला वाटलं चिडला. मी मागे गेले तर न्हाणीघरात नळ सोडून उभा होता.

त्या काळात तो पहाटे साडेचारला सरावाला जायचा, कुणी यायच्या आत. एक स्टंप रोवून चेंडू टाकायचा, स्वतःच जाऊन उचलून आणायचा. मी काही वेळा बरोबर गेले. अंधारात चेंडू दिसायचा नाही, टप्पा पडल्याचा आवाज यायचा, मग स्टंपचा, नाहीतर मागच्या जाळीचा. सहा वाजता पहिली मुलं आली की तो टोपी ओढून निघायचा. त्यातली काही त्याच्या नावाचा टी-शर्ट घालणारी असायची. एकदा एका मुलाने धावत येऊन विचारलं, "दादा, तुम्ही काही केलं नाही ना?" माझ्या भावाने त्याच्या डोक्यावर हात ठेवला आणि काही न बोलता पुढे गेला. तो मुलगा माझ्याकडे बघत राहिला. नाही रे बाळा, काही नाही केलं, असं म्हणावंसं वाटलं. पण मलाही माहीत नव्हतं.

हे कबूल करायला मला फार वर्षं लागली. मी त्याच्या बाजूने सगळ्यांशी भांडत होते, नातेवाईकांशी, मैत्रिणींशी, आणि मला काहीही माहीत नव्हतं. तुम्ही चाहते माझ्याहून फार वेगळ्या जागी नव्हता.


निवृत्त उपसंपादक, क्रीडा पान

ताई, तुमचं वाचल्यावर डेस्कवरच्या एका जुन्या सहकाऱ्याला फोन केला. म्हटलं, "मौन कायम" लिहिणं सोडा. तो म्हणाला, मग काय लिहू, कॉलमात बसायला हवं. मी कागदावर मोजून बघितलं. "वकिलांच्या सल्ल्याने भाष्य नाही" दोन कॉलमांत बसतं. अर्थात वकिलाला फोन करून तसं विचारलेलं असलं पाहिजे.


धागाकर्ता

ताई, विचारू का? तुमचा भाऊ आता खेळतो?


एका खेळाडूची बहीण

नाही. मुलांना शिकवतो. साडेचारला उठायची सवय अजून आहे, मुलं सहाला येतात तरी.

प्रकरण बंद होऊन आता सहा वर्षं झाली. आता तो मला सांगू शकतो, कुणाची हरकत नाही. त्याने अजून सांगितलेलं नाही. आणि मी विचारलेलं नाही.